जुन्या फियाटला इलेक्ट्रिक पंप: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळं

खंबाटकी घाट, मे महिना, दुपारचे दोन आणि आमची फियाट पद्मिनी चढावर आचके देत बंद. माझ्या लहानपणी हे दरवर्षी व्हायचं. वडील काही न बोलता उतरायचे, बोनेट उघडायचे, बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून तो फडका एसी पंपावर, म्हणजे इंजिनला लावलेल्या पेट्रोलच्या पंपावर टाकायचे आणि मग दहा-पंधरा मिनिटं आम्ही सगळे कठड्यावर बसून चिवडा खायचो. आम्हाला वाटायचं महाबळेश्वरला जायचं म्हणजे हे करावंच लागतं.

आता तीच गाडी माझ्याकडे आहे, ८९ ची, आणि दोन वर्षांपूर्वी मी तिला इलेक्ट्रिक पंप बसवला. एकदा चुकीचा बसवला, मग काढून परत बरोबर बसवला. त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितोय. उदाहरण पद्मिनीचं आहे कारण हात तिच्यावरच बसलाय, पण कार्बोरेटरवाल्या कुठल्याही जुन्या गाडीला यातलं बरंचसं लागू होतं, ॲम्बेसेडर काय, जुनी जीप काय.

एसी पंप करतो काय

नवीन लोकांसाठी, एसी म्हणजे एअर कंडिशन नाही. एसी हा जुना अमेरिकन ब्रँड, त्यांचे पंप इतके चालले की आपल्याकडच्या मिस्त्री लोकांनी इंजिनला लावलेल्या प्रत्येक मेकॅनिकल पंपाला तेच नाव ठेवलं. इंजिनचा कॅमशाफ्ट फिरला की पंपाची दांडी वरखाली होते, आतला डायफ्राम (रबरी पडदा) हलतो, पेट्रोल मागच्या टाकीतून ओढलं जातं आणि कार्बोरेटरकडे, म्हणजे जिथे ते हवेत मिसळतं तिकडे, ढकललं जातं. कार्बोरेटर भरला की त्याच्या तोंडाशी असलेला सुईसारखा नीडल व्हॉल्व्ह बंद होतो, डायफ्राम थांबून राहतो, प्रेशर दोन ते चार पीएसआयच्या (प्रेशरचं माप, पौंड प्रति चौरस इंच) वर जात नाही. वायर नाही, फ्यूज नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिन बंद तर पंप बंद. हे शेवटचं वाक्य डोक्यात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच अटकणार आहे.

याची अडचण जागेची आहे. पंप बसलाय गरम इंजिनला चिकटून आणि पेट्रोल ओढतोय गाडीच्या दुसऱ्या टोकाकडून. ओढताना पाइपमध्ये प्रेशर हवेपेक्षा कमी होतं आणि प्रेशर कमी झालं की पेट्रोल आणखी कमी तापमानाला उकळतं. त्यातले हलके घटक तसेही चाळीस अंशाच्या आसपास वाफ व्हायला लागतात, बोनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. पंपात वाफ भरली की डायफ्राम नुसती वाफच दाबत बसतो, पेट्रोल पुढे जात नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. ओल्या फडक्याने वाफेचं परत पेट्रोल व्हायचं, जादू काही नव्हती.

इलेक्ट्रिक पंप मागे टाकीपाशी बसतो, थंड जागी, आणि तिथून ढकलतो. सगळी लाइन प्रेशरखाली राहते म्हणून वाफ सहज धरत नाही. दुसरा फायदा, गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मेकॅनिकल पंपाने ते परत भरेपर्यंत स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते, इलेक्ट्रिकने पाच-सात सेकंदात कार्बोरेटरची वाटी भरते. आणि हे जुन्या गाडीचा अपमान वगैरे अजिबात नाही, मॉरिस मायनरला तर कारखान्यातूनच एसयूचा इलेक्ट्रिक पंप यायचा, चावी फिरवली की टकटक टकटक.

पण आधी बघा, गरज आहे का

मिस्त्री म्हणतील, "भाऊ, एसी पंप गेला, इलेक्ट्रिक टाकून देऊ, टेन्शन संपलं." थांबा. अर्ध्या वेळा रोग दुसरीकडेच असतो आणि नवीन पंप त्यावर पांघरूण घालतो.

टाकीच्या झाकणाचा किंवा ब्रीदरचा (हवा आत घेणाऱ्या नळीचा) श्वास बंद असेल तर टाकीत व्हॅक्यूम होतो आणि कुठलाच पंप चालत नाही. गाडी अडखळली की झाकण उघडून बघा, फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली तर आजार तिथेच आहे. टाकी ते पंप यातला रबरी होज चिरला असेल तर त्यातून पेट्रोल गळत नाही, तो हवा ओढतो, म्हणून खाली ओल दिसत नाही आणि आपण फसतो. गाडी जुनी, टाकीत गंज आणि चिकटा, त्यात आता पेट्रोल ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हा साला सॉल्व्हंट, वर्षानुवर्षं टाकीला चिकटलेला मळ सोडवून फिल्टरमध्ये आणून भरतो आणि जुन्या रबराचे डायफ्राम, होज फुगवून मऊ करतो. ज्यांचा एसी पंप ‘अचानक’ गेला त्यातल्या कित्येकांचं कारण हेच असावं असं माझं मत आहे.

तपासायची सोपी पद्धत: कार्बोरेटरला येणारा पाइप काढून एका बाटलीत सोडा, कॉइलची हाय टेन्शन वायर काढून अर्थ करा (बॉडीच्या पत्र्याला जोडा) आणि दुसऱ्या माणसाला स्टार्टर मारायला सांगा. दणकट पिचकाऱ्या आल्या तर पंप ठीक आहे. आणि डिपस्टिक काढून वास घ्या, ऑइलला पेट्रोलचा वास आला, लेव्हल वाढलेली दिसली तर डायफ्राम फाटलाय आणि पेट्रोल सरळ इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात जातंय, मग गाडी अजिबात चालवू नका, आधी ऑइल बदला.

हे सगळं नीट असून गाडी उन्हात घाटात बंद पडत असेल किंवा महिनोन्महिने उभी राहत असेल तर पुढे वाचा.

पंप कुठला घ्यायचा

इथेच मी पहिल्यांदा मार खाल्ला. एका गॅरेजवाल्याने कुठल्यातरी एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप आणून लावला, "ओरिजिनल आहे, लाइफ टाइम बघायला नको" म्हणाला. इंजेक्शनचा पंप तीन बारच्या आसपास म्हणजे चाळीस-पंचेचाळीस पीएसआय देतो आणि आपला सोलेक्स कार्बोरेटर जेमतेम तीन पीएसआयचा धनी. चावी फिरवली आणि नीडल व्हॉल्व्ह उचलून पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडातून वर आलं, मॅनिफोल्डवर सांडलं. इंजिन थंड होतं म्हणून आज हे लिहायला बसलोय.

म्हणजे घ्यायचा तो लो प्रेशर पंप, अंगावर दोन ते चार पीएसआयच्या मधलं काहीतरी लिहिलेलं असलं पाहिजे. बाजारात ठोकळ्यासारखे छोटे चौकोनी पंप मिळतात, टिकटिक वाजणारे, आतमध्ये स्प्रिंग आणि प्लंजर, ते कार्बोरेटरला बरोबर. काही चार ते सात पीएसआयचे पण येतात, दिसायला अगदी सारखे, ते नकोत. स्वस्तातल्या पंपांवर लिहिलेलं प्रेशर आणि खरं प्रेशर यात फरक असतो म्हणून गेज लावून मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, जास्त निघालं तर रेग्युलेटर लावायचा. डायलवाला रेग्युलेटर मिळतो पण फार स्वस्त घेतला तर तोच गळतो, मग पुन्हा तेच. शक्यतो बरोबर प्रेशरचाच पंप घ्या, एक जोड कमी.

लोक लिटरच्या मागे लागतात, "शंभर लिटर पर अवरवाला घे." हिशोब करून बघा. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन, चाळीस एचपीच्या आसपास, पूर्ण दाबलं तरी एका एचपीला तासाला साधारण पाव किलो पेट्रोल, म्हणजे दहा किलो, म्हणजे तेरा-चौदा लिटर तासाला. मिनिटाला पाव लिटरपेक्षाही कमी. सगळ्यात छोटा पंप पण याच्या दुप्पट-तिप्पट देतो. बघायचंय ते प्रेशर.

पंप इंजिनबरोबर बंद झालाच पाहिजे

मघाचं वाक्य आठवा. इंजिन थांबलं की एसी पंप आपोआप थांबतो. इलेक्ट्रिक पंपाला मात्र इंजिन थांबलंय हे कळतच नाही, त्याला करंट मिळतोय तोवर तो ढकलणार. समजा गाडी ठोकली, इंजिन बंद पडलं, पाइप तुटला आणि चावी ऑनच आहे, तर पंप टाकी रिकामी होईपर्यंत गरम इंजिनवर पेट्रोल ओतत राहील. ठोकायची पण गरज नाही, नुसती क्लिप निसटली तरी पुरे. त्यामुळे पंप डायरेक्ट इग्निशनला जोडून "झालं काम" म्हणणाऱ्या माणसाकडून हे काम करून घेऊ नका.

दोन गोष्टी लावायच्या. एक टॅको रिले (रिले म्हणजे करंटने चालणारा स्विच), ज्याला काही जण फ्युएल पंप सेफ्टी रिले म्हणतात. हा कॉइलच्या निगेटिव्हवरून पॉइंटच्या ठिणग्या मोजतो, चावी ऑन केली की एक-दोन सेकंद पंप चालवतो आणि ठिणग्या येत नसतील तर बंद करतो. दुसरी इनर्शिया स्विच, धक्का बसला की आतला गोळा उडून सर्किट तोडतो, वरचं बटण दाबून परत चालू करता येतो. फोर्डच्या गाड्यांत हा यायचा, स्क्रॅपवाल्याकडे सापडतो, पण हातात धरून आपटून बघा, उडाला तरच घ्या.

टॅको रिले मिळालाच नाही तर ऑइल लाइटचा जुगाड आहे. पाच पिनचा साधा रिले घ्या. ८६ नंबरच्या पिनला इग्निशन, ८५ ऑइल प्रेशर स्विचच्या वायरला, ३० ला इग्निशनवरून फ्यूजमधून करंट आणि पंप ८७ ला न लावता ८७ए ला. ऑइल प्रेशर नसताना स्विच अर्थ होतो, रिले ओढला जातो आणि ८७ए तुटतो, म्हणजे लाल लाइट पेटलेला असेपर्यंत पंप बंद. प्रेशर आलं, लाइट गेला, पंप चालू. स्टार्टच्या आधी वाटी भरायला डॅशखाली एक दाबून धरायचं बटण द्या जे सोडलं की बंद होईल. यात एक खोट आहे, ऑइल स्विचची वायर तुटली तर रिलेला वाटतं प्रेशर आहे आणि पंप चालूच राहतो, म्हणून माझा कौल टॅको रिलेलाच, आणि दोन्हीपैकी काहीही लावलं तरी इनर्शिया स्विच पाहिजेच.

कामाला सुरुवात

मोकळ्या हवेत करा, बंद गॅरेजमध्ये नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत जाते. बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि काढताना बघून घ्या की गाडी खरंच निगेटिव्ह अर्थ आहे, काही जुन्या इंग्लिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ असतात आणि तिथे इलेक्ट्रॉनिक पंप उलटा जोडला की संपला. एबीसी पावडरचं एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, बादलीभर पाणी कामाचं नाही. टाकीत पेट्रोल कमी असलेलं बरं, पण रिकामी टाकी सुरक्षित असं समजू नका, रिकामीच जास्त धोक्याची कारण ती वाफेने भरलेली असते. टाकीजवळ ड्रिल, ग्राइंडर काही चालवायचं नाही.

पंपाची जागा: टाकीच्या जितकं जवळ आणि जितकं खाली तितकं चांगलं. हे छोटे पंप ढकलतात छान पण ओढायला आळशी, फूट-दीड फुटाच्या वर उचलायला लावलं की नुसते टकटक करत बसतात. सायलेन्सरपासून लांब आणि चाकाने उडवलेला दगड लागणार नाही अशी जागा शोधा. डिकीच्या आत बसवणारे पण आहेत, मला ते पटत नाही, जोड गळला तर वास आणि वाफ सगळी केबिनमध्ये. मी बाहेरून, मागच्या फ्लोअरच्या खाली एल पट्टी लावून बसवला. भोक पाडायच्या आधी पलीकडे काय आहे ते वाकून बघा, ब्रेकचा पाइप त्याच बाजूने जातो.

पंप रबरी बुशवर बसवा नाहीतर टकटक सगळ्या बॉडीत घुमते. आणि इथे एक गंमत आहे, रबरावर बसवला की पंपाचा अर्थ तुटतो, मग लोक दोन तास शोधत बसतात की करंट येतोय तर चालत का नाही. अर्थची वेगळी वायर काढा, बॉडीवरचा रंग खरवडून घट्ट बोल्टखाली. पंपावरचा बाण कार्बोरेटरच्या दिशेने, आणि आउटलेट थोडं वर ठेवा म्हणजे हवा अडकत नाही.

फिल्टर दोन. टाकी आणि पंपाच्या मध्ये जाडसर जाळीचा, पंपाला कचऱ्यापासून वाचवायला. बारीक कागदाचा फिल्टर इथे लावू नका, पंपाला ओढताना तो गळा दाबल्यासारखा होतो. बारीकवाला पुढे, कार्बोरेटरच्या आधी, आणि तो डिस्ट्रिब्युटरच्या किंवा मॅनिफोल्डच्या डोक्यावर लटकवू नका.

होज नवीन घ्या सगळे. पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हीला चालणारा, अंगावर एसएई जे३० आर९ छापलेला बघून घ्या. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, जी आपल्याकडे स्कूटरपासून सगळीकडे सर्रास लावतात, ती उन्हाने कडक होते आणि मग सुटते किंवा तडकते, गाडीला नको. होज फक्त जोडापुरता, बाकी मेटलचाच पाइप राहू द्या. क्लिप आतून गुळगुळीत असलेल्या घ्या, दातेरी पट्टीवाल्या क्लिप रबर कापतात. टाकीकडचा होज काढताना लक्षात ठेवा, पंप टाकीच्या खाली आहे म्हणजे काढल्याकाढल्या पेट्रोल आपोआप वाहायला लागणार, भांडं आणि बूच आधीच तयार ठेवा.

वायरिंग

पंप खातो जेमतेम एक-दोन अँपियर, त्यामुळे दीड स्क्वेअर एमएमची वायर आणि पाच अँपियरचा फ्यूज पुरतो. लोक विचारतात एवढ्याशा करंटला रिले कशाला. एक तर मघाशी सांगितलेलं सेफ्टीचं कारण आणि दुसरं, तीस-पस्तीस वर्षांच्या इग्निशन स्विचवर अजून ओझं टाकायचं नाही.

टॅको रिलेच्या अंगावर नंबर छापलेले असतात, साधारणपणे ३० बॅटरीला, १५ इग्निशनला, १ कॉइलच्या निगेटिव्हला, ३१ अर्थ आणि ८७ पंपाला. तुमच्या रिलेवरची आकृती वेगळी असेल तर तीच खरी. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, शेवटी पंपापाशी नाही, कारण फ्यूज वायरला वाचवायला असतो. ८७ मधून निघालेली वायर आधी इनर्शिया स्विचमध्ये, मग मागे पंपाला. इनर्शिया स्विच केबिनमध्ये, बॉडीच्या घट्ट भागावर, बटण वर करून उभा. रिले आणि स्विच दोन्ही टाकीपासून लांब ठेवा, त्यांच्या आत ठिणगी पडते. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणे हा आपला राष्ट्रीय छंद आहे पण इथे आवरा, क्रिंप करा आणि वर हीट श्रिंक चढवा.

जुना पंप काढताना

दोन नट काढले की एसी पंप हातात येतो. काही इंजिनात पंपाची दांडी थेट कॅमवर टेकते, काहींत मध्ये एक पुशरॉड असतो, तो असेल तर तोही काढून घ्या, आत राहिला तर भोक बंद करायला लावलेल्या पट्टीवर आपटत बसेल. तिथे गॅस्केट घालून चार-पाच एमएमची ॲल्युमिनियमची पट्टी लावा, कुठलाही लेथवाला करून देईल, जुनी गॅस्केट नमुना म्हणून न्या. नीट सपाट नसेल तर ऑइल गळणार.

जुना पंप तसाच ठेवून त्यातूनच पेट्रोल पुढे न्यायचा मोह होतो, मीसुद्धा विचार केला होता. नको. त्याचा डायफ्राम कधी फाटला तर इलेक्ट्रिक पंप जोर लावून सगळं पेट्रोल ऑइलमध्ये ढकलेल आणि तुम्हाला कळणारही नाही. काढून पुसून डिकीत पिशवीत ठेवा, पुशरॉड आणि गॅस्केटसकट.

पहिला स्टार्ट

बॅटरी जोडायच्या आधी प्रत्येक क्लिप हाताने ओढून बघा. मग कार्बोरेटरचा पाइप बाटलीत सोडून पंप चालवा, टॅको रिले असेल तर तेवढ्यापुरतं ३० आणि ८७ जम्पर वायरने जोडा. पहिलं येणारं पेट्रोल घाण असतं, ते बाटलीतच निघून जाऊ द्या. मिनिटाला अर्धा लिटर आलं की भरपूर झालं. त्यानंतर टी लावून गेज जोडा, अडीच-तीन पीएसआय मिळालं तर छान. जम्पर काढायला विसरू नका, विसरलात तर सगळी सेफ्टी गेली पाण्यात.

कार्बोरेटर जोडून वाटी भरेपर्यंत चावी ऑफ-ऑन करा (ऑइल स्विचवाल्यांनी बटण दाबून धरा) आणि इंजिन चालू न करता तोंडात बघा. पेट्रोल ठिबकत असेल तर प्रेशर जास्त आहे किंवा नीडलखाली कचरा अडकलाय किंवा फ्लोटला (वाटीत तरंगणाऱ्या पोकळ डबीला) भोक पडून तो बुडालाय. फ्लोट कानाशी हलवला तर आतलं पेट्रोल खळखळताना ऐकू येतं.

इंजिन चालू झालं की पंपाच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा, बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसलं तर कुठेतरी अर्थ किंवा क्रिंप कच्चा आहे. मग खरी परीक्षा: इंजिन चालू असताना कॉइलची इग्निशनकडून येणारी वायर काढा, इंजिन बंद पडेल, आणि चावी ऑन असूनसुद्धा एक-दोन सेकंदात टकटक थांबली पाहिजे. ऑइल स्विचवाल्यांचा पंप लाल लाइट लागला की थांबेल. नाही थांबला तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही, परत वायरिंग. नंतर इनर्शिया स्विच ब्रॅकेटमधून काढून हातावर आपटा, तेव्हाही पंप गप्प झाला पाहिजे.

पहिले शंभर किलोमीटर गावातच फिरवा, गरम झाल्यावर आणि रात्रभर उभी राहिल्यावर असं दोनदा खाली वाकून हात फिरवून बघा, क्लिप एकदा आवळाव्या लागतातच. पहिला फिल्टर लवकर बदला, माझा तर पंधरा दिवसांत तपकिरी झाला होता, टाकीतला सगळा गंज बाहेर आला.

यंदा मे मध्ये वाईमार्गे महाबळेश्वरला गेलो, वडील शेजारी होते. खंबाटकी एका दमात चढली, नंतर पसरणी घाटही. वडिलांनी डॅशच्या कप्प्यातून जुना फडका काढला, काच पुसली आणि परत तिथेच ठेवून दिला.